घर किती मोठं हवं? जामनेरच्या एका गल्लीतला हिशेब

(हा भाग ऐकण्याऐवजी वाचणाऱ्यांसाठी. बोलताना झालेले अडखळे काढलेत, दोन-चार आकडे नीट मांडलेत, बाकी जवळपास तसंच ठेवलंय.)



आजच्या भागात माझा आवाज थोडा घुमतोय, त्याबद्दल आधीच माफी मागतो. मी जामनेरला आलोय, आमच्या घरी, आणि वरच्या मजल्यावरच्या एका खोलीत बसून बोलतोय. खोली बारा बाय बारा. खोलीत एक पलंग, एक कपाट आणि मी. पलंगावरची गादी भिंतीला टेकवून ठेवलीय, तरी आवाज घुमतोच, कारण खोली रिकामी आहे. या मजल्यावर अशा अजून दोन खोल्या आणि एक हॉल आहे. तेही रिकामेच.

खाली माझे आई आणि अण्णा राहतात. दोघंच. मी पुण्यात, धाकटा भाऊ नाशिकला.

हा विषय आज निघाला तो चुलतभावामुळे. परवा तो घराचा नकाशा घेऊन आला. आमच्या घराला लागूनच त्याचं जुनं घर आहे, धाब्याचं, आमच्या गल्लीतलं शेवटचं. ते पाडून खाली-वर मिळून २,२०० चौरस फुटांचं घर बांधायचंय. घरात माणसं दोन, तो आणि काकू. लग्न ठरलं तर तीन. बँकेला जामीनदार हवाय आणि त्यानं माझं नाव सांगितलंय. रविवारपर्यंत मला हो किंवा नाही सांगायचंय.

मी एकदम हो म्हणू शकलो नाही. का, ते आज सांगतो.

पाडलेलं घर कसं होतं

आमचं जुनं घरही त्याच्यासारखंच होतं, पाच खणांचं. ज्यांना खण माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. खण म्हणजे दोन खांबांच्या रांगांमधली जागा. लाकूड जेवढं लांब मिळेल, तेवढा खण रुंद. आपल्याकडे घराचं माप फुटांत नाही, खणांत सांगायचे. 'तीन खणी घर आहे' म्हटलं की ऐकणाऱ्याला घरही कळायचं आणि ऐपतही.

सागाचे खांब, त्यावर तुळया, तुळयांवर कड्या, कड्यांवर किलचण म्हणजे लाकडाच्या चिरफळ्या, आणि त्यावर मातीचे जाड थर. सगळ्यात वर खारी माती. तेच धाबं. पावसाळ्याआधी गाडीभर खारी आणून वर पसरायची, कारण ती पाणी आत जिरू देत नाही. पुढे ओटा, मग ओसरी, आत माजघर, मागे चूल आणि परसदार.

२०१७ मध्ये पाडण्याआधी मी टेपनं मोजलं होतं. आतली जागा भरली ५४० चौरस फूट. १९८५ च्या सुमाराला त्यात आम्ही नऊ जण राहायचो. म्हणजे माणशी ६० चौरस फूट. आजच्या घराचं बांधकाम २,३५० चौरस फूट आहे आणि राहणारे दोन. माणशी ११७५. जवळजवळ वीसपट.

आता कुणी म्हणेल, जुनी घरं किती छान होती, थंड होती, माणसं एकत्र होती. मीही एकदा जेवताना असंच काहीतरी बोलून गेलो. आई ताट सरकवत म्हणाली, "तुले काय जातं बोलायले? सारवून सारवून हात माझे गेले."

तिचं खरंच आहे. दर आठवड्याला शेणानं सारवण. पावसाळ्यात धाबं कुठे ना कुठे गळणारच, मग रात्री उठून पातेली लावायची. उंदीर, कधी साप. माजघरात दिवसा दिवा लावावा लागे. संडास घरात नव्हताच. नव्या सुनेला कपडे बदलायला दार लागेल अशी खोली नव्हती. ते घर बदलायलाच हवं होतं. प्रश्न घर बदलण्याचा नाहीच. ५४० फुटांवरून आम्ही थेट २,३५० वर का गेलो, हा आहे.

मोठं होणं कधी न्याय असतो

इथे एक फरक करू या, नाहीतर माझं बोलणं पुण्यात राहून गावाला शहाणपण शिकवल्यासारखं होईल.

मुंबईतल्या बीडीडी चाळी घ्या. शंभर वर्षांपूर्वी बांधलेल्या त्या चाळींत एका कुटुंबाला १६० चौरस फुटांची खोली, संडास सामाईक. पुनर्विकासात त्यांना ५०० चौरस फुटांची घरं मिळतायत. वरळीतल्या पहिल्या ५५६ कुटुंबांना १४ ऑगस्ट २०२५ ला चाव्या दिल्या. तिपटीनं मोठं घर. त्याला कुणी उधळपट्टी म्हणणार नाही. २०११ च्या जनगणनेत देशातली ३७ टक्के कुटुंबं एकाच खोलीत राहत होती. त्यांना दुसरी खोली मिळणं ही गरजच आहे.

आपल्या तालुक्यातल्या खेड्यात प्रधानमंत्री आवास योजनेचं घरकुल बांधतात, त्याचं किमान माप २५ चौरस मीटर. म्हणजे २६९ चौरस फूट, स्वयंपाकाची जागा धरून. २०१६ मध्ये योजना आली तेव्हा सपाट भागासाठी अनुदान ठरलं १ लाख २० हजार. संडासाचे १२ हजार आणि रोजगार हमीतली मजुरी वेगळी. त्याच्या पुढच्याच वर्षी आम्ही घर बांधलं. आमच्या घराचं पुढचं गेट, जिन्याचं स्टीलचं रेलिंग आणि दर्शनी ग्रॅनाइट यांचं बिल माझ्याकडे अजून आहे. १ लाख ७० हजार.

आणि साधारण घर केवढं असतं? राष्ट्रीय नमुना पाहणीच्या २०१८ च्या फेरीत देशातल्या घरांचं सरासरी क्षेत्र निघालं ४६ चौरस मीटरच्या आसपास, गावात आणि शहरात जवळपास सारखंच. म्हणजे ५०० चौरस फूट. आमचं पाडलेलं घर देशाच्या सरासरीपेक्षा लहान नव्हतं, उलट थोडं मोठंच होतं. ही गोष्ट मला पाडल्यावर कळली.

मग २,३५० हा आकडा आला कुठून?

मी आठवून पाहिलं. नकाशा काढायला आम्ही बसलो तेव्हा इंजिनिअरनं विचारलं होतं, "प्लॉट केवढा? बजेट किती? मुलं किती?" मुलं किती, याला आम्ही म्हणालो, दोन. ती दोन मुलं कुठे राहतात हे त्यानंही विचारलं नाही, आम्हीही सांगितलं नाही.

पुढे घर वाढत गेलं ते असं.

पहिलं कारण, वाटणी. दोन भाऊ म्हणून दोन मजले. उद्या भांडण नको. म्हणजे वरचा मजला माणसांसाठी नाही, भविष्यातल्या भांडणासाठी बांधला. भांडण काही झालं नाही, मजला मात्र उभा आहे.

दुसरं, नियम. बांधकामाच्या नियमावलीत, राज्यात डिसेंबर २०२० पासून एकत्रित नियमावली आहे, कुठल्या प्लॉटवर जास्तीत जास्त किती चटई क्षेत्र बांधता येईल हे दिलेलं असतं. ती वरची हद्द असते. आपण ती टार्गेट म्हणून वाचतो. 'एवढं बसतंय ना, मग सोडायचं कशाला?'

तिसरं, एकदाच होऊन जाऊ दे ही वृत्ती. मिस्त्री, सेंट्रिंगवाले, वाळू, सगळं आलंच आहे तर वरचाही स्लॅब टाकून घ्या, पुन्हा हे लोक गोळा होत नाहीत. यात तथ्य आहे. पण 'सोय आहे म्हणून' आणि 'गरज आहे म्हणून' यांत वीस वर्षांच्या हप्त्यांचं अंतर पडतं.

चौथं, पाहुणे. याचं मला सगळ्यात जास्त वाटतं. आमच्याकडे पूर्वी पाहुणे पाचोऱ्याहून 'पीजे'नं यायचे. पाचोरा-जामनेर, छोटी गाडी, ५६ किलोमीटर. आली की माणूस मुक्कामालाच आला. ओसरीत ओळीनं अंथरुणं पडायची. त्या आठवणीवर आम्ही पाहुण्यांची खोली बांधली. पण तोवर पाहुणे मोटारसायकलनं, गाडीनं यायला लागले होते. येतात, जेवतात, दिवस मावळायच्या आत निघतात. २०२० मध्ये छोटी गाडीही बंद झाली, आता तिथे ब्रॉडगेजचं काम. मुक्कामाचे पाहुणे संपल्यावर आम्ही मुक्कामाची खोली बांधली.

आणि पाचवं, लग्न. हेच चुलतभावाचं कारण आहे. तो मला म्हणाला, "भो, पोरीवाले येतात ना, ते आधी घर पाहून रायले. मले नंतर पाहतात."

यावर हसू नका. मुलीच्या बापाच्या जागी बसून बघा. मुलाची नोकरी खासगी, उद्याचं सांगता येत नाही. शेत आहे, पण कापसाचा भाव आणि पाऊस दोन्ही कुणाच्या हातात नाहीत. पासबुक कुणी दाखवत नाही. मग खात्रीची अशी डोळ्यांना दिसणारी एकच वस्तू उरते, घर. म्हणून बायोडाट्यात 'स्वतःचे दुमजली घर' हे शिक्षणाच्या खालच्याच ओळीत येतं. अडचण एवढीच की घर दिसतं, हप्ता दिसत नाही.

आता हप्ता

वही काढा, सोपा हिशेब आहे. गावातला ठेकेदार सध्या माल-मजुरीसकट मध्यम कामाचे १,७५० रुपये फूट सांगतोय. तुमच्याकडे कमी-जास्त असेल, तो घालून बघा.

२,२०० गुणिले १,७५० म्हणजे साडेअडतीस लाख. चुलतभावाकडे जमवलेले साडेबारा लाख आहेत. कर्ज लागणार २६ लाख. साडेआठ टक्क्यांनी, २० वर्षांसाठी हप्ता बसतो २२,५६० रुपये. त्याचा पगार ३८ हजार. वीस वर्षांत तो बँकेला देणार ५४ लाखांच्या वर. म्हणजे मुद्दल २६ आणि व्याज २८. तो आज एकोणतीस वर्षांचा आहे, शेवटचा हप्ता जाईल तेव्हा एकोणपन्नासचा असेल.

या आकड्यांत एखादी खोली कितीला पडते ते बघू. बारा बाय बारा, १४४ फूट, बांधणी अडीच लाख. कर्जातून बांधली तर हप्त्यातला तिचा वाटा महिन्याला सुमारे २,१९० रुपये. ती पाहुण्यांची खोली असेल आणि वर्षातून सहा रात्री वापरली, तर एका रात्रीला ४,३०० च्या वर जातात. तेवढ्यात जळगावात पाहुण्याला चांगल्या लॉजवर ठेवून वर जेवणही घालता येईल.

हा नुसता बांधायचा खर्च. मोठं घर बांधून संपत नाही. दर पाच-सहा वर्षांनी रंग. घरपट्टी क्षेत्राप्रमाणे, आणि नगरपालिकेच्या कायद्यात दर चार वर्षांनी आकारणीची फेरपाहणी आहेच. झाडलोट. आई रोज खालचा मजला झाडते, वरचा आठवड्यातून एकदा, गुडघ्यावर हात ठेवून जिना चढत. अण्णा गेल्या दीड वर्षात वर आलेले नाहीत.

आणि ऊन

जळगाव-भुसावळ-जामनेर पट्ट्यातला मे महिना ज्यांनी काढलाय त्यांना वेगळं सांगायला नको. पारा ४५ च्या आसपास. सिमेंटचा स्लॅब पाच इंचांचा, आणि काँक्रीटमधून उष्णता मातीपेक्षा दुपटीहून जास्त सहज आत जाते. दुपारी स्लॅब तापतो आणि संध्याकाळी, आपण घरात येतो तेव्हा, ती उष्णता खोलीत सोडायला लागतो. धाब्याचा थर हातभर जाड. दिवसाचं ऊन त्यातून खाली पोचेपर्यंत रात्र झालेली असायची, आणि रात्री तर आम्ही धाब्यावर जाऊन झोपायचो.

आमच्या घरात वरचा मजला खालच्यावर सावली धरतो, एवढा त्याचा उपयोग. दहा-बारा लाखांची छत्री म्हणा ना. वर स्वतः राहायचं तर खोलीगणिक कूलर हवा, आणि कूलरला पाणी हवं, तेही आपल्याकडे पाणी सर्वात जपून वापरायच्या महिन्यांत.

माणसं बसतात कुठे?

या दिवाळीत मी पंधरा दिवस इथे होतो. एक उद्योग केला. घरात कोण कुठे बसतं ते वहीत टिपून ठेवलं. आई स्वयंपाकघर आणि मागची पडवी. अण्णा पुढचा ओटा, दुपारी खालची बेडरूम. सोफा असलेला हॉल पंधरा दिवसांत चार वेळा वापरला, चारही वेळा फराळाचे पाहुणे आल्यावर. वर फक्त मी. सगळा मिळून रोजचा वावर भरला सातशे फुटांच्या आत.

हे आमच्याच घरचं नाही. २००१ ते २००५ या काळात लॉस एंजलिसमध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या संशोधकांनी ३२ मध्यमवर्गीय कुटुंबांच्या घरात जाऊन कोण कुठे असतं याच्या नोंदी ठेवल्या. माणसं स्वयंपाकघर आणि टीव्हीच्या खोलीभोवती गोळा झालेली. सजवलेली बैठक आणि मागचं अंगण बहुतेक वेळ ओस. तरीही तिथली घरं वाढतच गेली. १९७३ मध्ये अमेरिकेत नव्या घराचं सरासरी क्षेत्र होतं १,६६० चौरस फूट, २०१५ मध्ये २,६८७. त्याच काळात कुटुंबातली माणसं सरासरी ३ वरून अडीचवर आली. माणसं कमी, घर मोठं. जामनेरच्या गल्लीत आणि अमेरिकेच्या उपनगरात वाट एकच दिसते.

आपल्याकडे तर आणखी पुढची पायरी आहे, कुलूप. २०११ च्या जनगणनेत देशात जवळपास अडीच कोटी घरं रिकामी नोंदवली गेली, त्यातली १ कोटी १० लाख शहरांत. आमचा वरचा मजला त्या मोजणीत कधीच येणार नाही, कारण खाली माणसं राहतात. असे किती मजले असतील?

मी चुलतभावाला काय सांगितलं

नुसतं 'लहान बांध' म्हणणं सोपं आहे, मी मोठ्या घरात बसून म्हणतोय. म्हणून एका ओळखीच्या इंजिनिअरला घेऊन दुसरा नकाशा काढला.

खाली ९५० चौरस फूट. दोन बेडरूम, हॉल, प्रकाश येणारं स्वयंपाकघर, दोन संडास, आणि पुढे जुन्यासारखाच ओटा, कारण काकूंचा निम्मा दिवस तिथेच जातो. पाया आणि कॉलम मात्र वरच्या मजल्याचा भार धरून. जिना बाहेरून. पुढे मुलंबाळं झाली, गरज पडली, तर वर बांधायचं, आणि भाड्यानं द्यायची वेळ आली तरी आतून कुणी जायला नको. कॉलमच्या सळया गच्चीवर उघड्या ठेवायच्या नाहीत. त्या गंजतात आणि मग वरचा मजला चढवताना पंचाईत होते. हलक्या काँक्रीटनं झाकून ठेवायच्या. गच्चीवर पांढऱ्या फरशीच्या तुकड्यांचा थर किंवा दरवर्षी मे आधी चुन्याचा हात, ऊन बरंच परत जातं. जुनं सागवान भंगारच्या भावात विकायचं नाही, दारं-खिडक्या त्याचीच करायची.

पाया जड धरूनही खर्च साडेअठरा लाख. कर्ज ६ लाख, दहा वर्षं, हप्ता ७,४४० रुपये. एकोणचाळिसाव्या वर्षी मोकळा.

त्यानं दोन्ही कागद शेजारी ठेवले. बराच वेळ पाहिले. मग म्हणाला, "हिशेब बरोबर आहे भो. पण एक मजली घर पाहून पोरीवाले परत गेले तर?"

याचं उत्तर माझ्या वहीत नाही. मी त्याला एवढंच म्हटलं, की जी मुलगी घरात येईल तिलाही तो २२ हजारांचा हप्ता भरावा लागणार आहे, मग तो लग्नाआधी तिला दाखव. दोन्ही कागद दाखव, आणि कुठलं घर हवंय ते तिलाच विचार. काकू शेजारी बसून सगळं ऐकत होत्या. त्या म्हणाल्या, "जिना बाहेरून आहे ना? मग मले झाडायचं काम नाही." त्यांचं मत तेवढंच, पण मला तेही महत्त्वाचं वाटलं.

सहा लाखांच्या कागदावर मी जामीनदार म्हणून सही करणार आहे. सव्वीसच्या कागदावर नाही. हे त्याला सांगितलंय. थोडा नाराज आहे, काल चहाला आला नाही. रविवारी काय होतं ते पुढच्या भागात सांगेन.

तोवर तुम्ही एक करा. घरात एक आठवडा वहीत टिपा, कोण कुठे किती वेळ बसतं. मग टेप घेऊन फक्त तेवढीच जागा मोजा. जो आकडा येईल तो मला कळवा, आणि घर बांधायच्या विचारात असाल तर आधी इंजिनिअरला कळवा.

चला, आई खालून हाक मारतेय, जेवायला. भेटू पुढच्या भागात. नमस्कार.